दहापैकी बारा

गैदाने ‘पांढरी टॅक्सी’ या गेमला दहापैकी चार गुण दिले, तेव्हा तिच्या मनात कुणाबद्दलही आकस नव्हता. उलट तीनवरून चारवर यायला तिने एक अख्खी संध्याकाळ खर्च केली होती.

अम्मानमध्ये गेमची परीक्षणं लिहिणारे पुष्कळ होते, पण त्यातले बरेचसे गेम हातात यायच्या आधीच खूश असायचे. गैदाचं तसं नव्हतं. ती भौतिकशास्त्र शिकली होती. दिवसा ती बारावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायची आणि उरलेल्या वेळात एका अरबी साइटसाठी नवे गेम तपासायची. प्रत्येक गेम ती दोनदा खेळायची. एकदा करणाऱ्याच्या मनात असेल तसा, शहाण्यासारखा. दुसऱ्यांदा सुट्टीत राहायला आलेल्या वात्रट भाच्यासारखा. म्हणजे भिंतींना धडका देत, नको तिथे उड्या मारत आणि राजा महत्त्वाचं बोलत असताना त्याच्या टेबलावर चढून. मग ती लिहायची.

त्या महिन्यात तिने एका भल्यामोठ्या परदेशी गेमबद्दल लिहिलं होतं: “वाळवंट इतकं विस्तीर्ण आहे की त्यात गेम सापडायला मला नऊ तास लागले. सापडला तेव्हा तो एका विहिरीजवळ झोपला होता. पाच.” कुठल्याशा अरबी शहरात घडणाऱ्या एका युद्धाच्या गेमबद्दल: “भर चौकात उंट उभा आहे. तो कुणाचा, तिथे काय करतो, त्याला कुणी पाणी पाजलं का, हे कुणीच विचारत नाही. नायक मात्र सगळ्यांवर गोळ्या झाडतो. मला वाटतं, तोही उंटाबद्दलच्या उत्तराच्या शोधात असावा. तीन.” आणि शेतीच्या एका छोट्या, साध्या गेमबद्दल: “यातल्या कोंबड्या माझ्या नातेवाइकांपेक्षा जास्त आपुलकीने चौकशी करतात. आठ.”

प्रत्येक परीक्षणाखाली एक ओळ ठरलेली असायची: ‘दिलेला गुण बदलत नाही. गेम बदलला, तर नवं परीक्षण लिहीन.’ ही ओळ तिने उगाच घातली नव्हती. आदल्या हिवाळ्यात शहरातल्या एका नावाजलेल्या परीक्षकाने एका रात्रीत पाचाचे नऊ केले होते. तेव्हापासून त्याने कशाचंही कौतुक केलं की खाली पहिला प्रश्न यायचा, ‘जेवायला काय होतं?’ तो चांगला लिहायचा, अजूनही लिहीत होता, पण त्याचं आता कुणी ऐकत नव्हतं. गैदाकडे ओळखी नव्हत्या, मोठं नाव नव्हतं. तिने दिलेला आकडा हलत नाही, एवढीच तिची मिळकत होती.

‘पांढरी टॅक्सी’ हा सल्त गावच्या चार मुलांनी केलेला गेम. त्यांच्यातला मुख्य मुतसिम हा विद्यापीठात गैदाच्याच वर्गात होता. प्रयोगशाळेत दोघं एकाच टेबलावर असायची. गेममध्ये आपण अम्मानच्या टेकड्यांवरून शेअर टॅक्सी चालवायची, प्रवासी घ्यायचे, सोडायचे, त्यांचं ऐकून घ्यायचं. गैदाने लिहिलं:

“संध्याकाळी टेकडीवरून खाली पाहिलं की घरांवर जो पिवळा उजेड पडलेला असतो, तो या चौघांनी हुबेहूब पकडला आहे. त्याबद्दल दोन. गॅसची गाडी आपली धून वाजवत गल्लीत शिरली की खिडकीतून आधी हात बाहेर येतो आणि मग आवाज. त्या हाताबद्दल एक. सिग्नलला ड्रायव्हर जे पुटपुटतो, त्याबद्दल एक. आता ब्रेक. सपाटीवर ते लागतात. उतारावर दाबले की टॅक्सी थांबत नाही. ती उसळते, रस्त्यात रुतते आणि रस्त्याखालच्या निळ्या पोकळीत पडत राहते. मागच्या सीटवरचा प्रवासी तरीही शांतपणे म्हणतो, ‘इथेच सोड, भावा.’ अम्मानमध्ये सपाटी कुठे आहे, हे कुणाला ठाऊक असल्यास कळवावं. चार.”

दुसऱ्या दिवशी मुतसिमचा फोन आला.

“चार?”

“तुलाही सलाम, मुतसिम.”

“गैदा, आपण एका टेबलावर होतो. तुझे आकडे चुकले की मी माझे द्यायचो.”

“माझे चुकायचे नाहीत. तुझे जुळायचे नाहीत, मग तू माझे बघून बदलायचास.”

मुतसिमने टेबलाचा विषय सोडला. मग म्हणाला, “दुबईचा प्रकाशक म्हणतो, परीक्षकांची सरासरी सात आली तरच दुसरा भाग काढू. नाही तर आम्ही चौघं घरी. बाकी नऊ जणांची सरासरी बरोब्बर सात आहे. तू एकटी खाली ओढतेयस.”

“ब्रेक दुरुस्त कर. मी पुन्हा पहिल्यापासून खेळेन आणि नवं परीक्षण लिहीन.”

“ब्रेकना दोन महिने लागतील. आकड्याला दोन सेकंद.”

“म्हणूनच आकडा बदलत नाही.”

त्याने फोन ठेवला. गैदाला वाईट वाटलं, पण विषय संपला असंही वाटलं. तिथेच ती चुकली. सल्तमध्ये विषय असा संपत नाही.

मुतसिम त्या रात्री जेवला नाही, आणि तो जेवला नाही हे त्याच्या आजोबांच्या भावाने पाहिलं. त्यांचं नाव अबू सख्र. गाड्यांची टक्कर, मोडलेली सोयरीक, विहिरीवरून झालेली डोकेफोड, असं काहीही असलं की लोक अबू सख्रना घेऊन जायचे. ते वीस-पंचवीस वजनदार माणसं जमवायचे, दुसऱ्या घराच्या दिवाणखान्यात जाऊन बसायचे, समोर आलेली कॉफी न पिता खाली ठेवायचे आणि मागणं मांडायचे. या शिष्टमंडळाला जाहा म्हणतात. मागणं मान्य झालं की कॉफी प्यायची. मान्य झालं नाही, तर कॉफी तशीच ठेवून उठायचं. पण अशी नामुष्की कुठलाच यजमान स्वतःवर ओढवून घेत नाही. अबू सख्रची कॉफी आजवर एकदाही कपात राहिली नव्हती. मुतसिमने त्यांना गेम म्हणजे काय ते समजावलं, ते त्यांना समजलं नाही. मग चार म्हणजे काय ते समजावलं, ते लगेच समजलं.

“मुलगी कुणाची?” त्यांनी विचारलं.

हे सगळं गैदाला नंतर कळलं. त्या वेळी तिला कळलं ते एवढंच, की बुधवारी बाबा फोन ठेवून स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी पाण्याचा पेला भरून न पिताच खाली ठेवला.

“सल्तहून अबू सख्र येताहेत. शुक्रवारी, दुपारच्या अस्रच्या नमाजानंतर. जाहा घेऊन. मुतसिम म्हणून कुणी मुलगा आहे, त्याच्यासाठी. गैदाच्या संदर्भात.”

“कशासाठी ते विचारलं नाहीत?” गैदा म्हणाली.

“जाहाला फोनवर कारण विचारायचं? मी काय पोस्टातला कारकून आहे?” असं म्हणून बाबा आपल्या खोलीत निघून गेले.

कारण विचारायची आईलाही गरज वाटली नाही. मुलगा, मुलगी, वीस माणसं आणि शुक्रवार. तिने लगेच कुनाफा या मिठाईचे दोन थाळे सांगून टाकले, एक पाहुण्यांसाठी आणि एक शब्द पक्का झाल्यावर वाटायला.

“आई, त्याला मी चार दिलेत. सगळ्यांदेखत.”

“आणि तरी येतोय. म्हणजे स्वभावाने चांगला असणार.”

“दहापैकी चार.”

“लग्नाला चार पुष्कळ झाले. तुझ्या बाबांना मी तीन दिले असते. पुढे पुढे वाढतात.”

गैदाने मुतसिमला तीनदा फोन लावला. तो बंद होता. नाही कसं म्हणायचं याची तिने मनात तयारी केली. बाबांनीही आपलं वाक्य पाठ केलं, ‘मुलीचं मन जाणून घेऊन कळवतो.’ आदराचं, सुटसुटीत वाक्य होतं.

शुक्रवारी सल्तहून एक मिनीबस आणि पाच गाड्या आल्या. गैदाच्या घराकडे जाणाऱ्या अश्रफियातल्या गल्लीत एका वेळी एकच गाडी मावते, त्यामुळे उतरलेली माणसं चढ चढून वर येईपर्यंत धापा टाकत होती. लाल-पांढरे रुमाल, खांद्यावर काळे झगे. खुर्च्या कमी पडल्या. शेजारचे औषधवाले अबू हन्ना यांनी आपल्या घरातल्या सगळ्या आणून दिल्या आणि मग बसायला जागा हवीच म्हणून त्यातल्याच एकीवर बसले. आपल्या बाजूला बळ हवं म्हणून झर्काहून गैदाचे मामा आणि मोहल्ल्याचे इमामही आले होते. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत मुतसिम बसला होता, बळेच इस्त्री केल्यासारखा.

वेलची घातलेली कडू कॉफी फिरली. अबू सख्रनी कप घेतला आणि समोरच्या टेबलावर ठेवला. बाकीच्या सगळ्यांनी तसंच केलं. सगळीकडे टक् टक् आवाज झाला. गैदा आणि आई जेवणाच्या खोलीच्या अर्धवट उघड्या दारामागे उभ्या होत्या.

अबू सख्रनी अल्लाहची स्तुती केली, दोन्ही घराण्यांची केली, अम्मानच्या टेकड्यांचीही केली, कारण त्यांना अजून धाप लागली होती. मग बाबांना म्हणाले, “अबू यझन, आम्ही तुमच्या दारात एक मागणं घेऊन आलो. तुमच्या मुलीने आमच्या पोराच्या कामाला चार मार्क दिले. आम्हाला सात हवेत.”

आईने गैदाकडे पाहिलं. “आणि लग्न?”

“नाही वाटतं.”

“फक्त मार्क?”

“फक्त मार्क.”

आई भिंतीला टेकली. “मी दोन थाळे सांगितलेत,” ती म्हणाली.

 आत बाबांचं पाठ केलेलं वाक्य आता कुठेच बसत नव्हतं. गैदाचे बाबा पस्तीस वर्षं भूगोल शिकवत होते आणि त्या पस्तीस वर्षांत त्यांनी कुणालाही अर्धा मार्क वाढवून दिला नव्हता. मुलांचे बाप यायचे, काका यायचे, एकदा एक मेंढा आला होता; सगळे आले तसे परत गेले. त्यामुळे गैदाला काळजी होती ती वेगळीच. आता बाबा नाही म्हणतील, सल्तची कॉफी पहिल्यांदाच कपात राहील आणि बाबांना त्या गावात तोंड दाखवता येणार नाही, तेही तिच्यामुळे. आणि हो म्हणाले, तर तिच्या त्या ठरलेल्या ओळीला काही अर्थ राहणार नाही.

पण बाबांच्या डोक्यात भलताच हिशेब चालू होता. त्यांना माहीत असलेले मार्क शंभरपैकी असत. चार? ज्या मुलाने मृत समुद्र इजिप्तमध्ये दाखवला होता, त्यालाही त्यांनी अकरा दिले होते. आपली मुलगी इतकी निर्दय निघावी याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. आणि हे लोक मागतात किती, तर सात. सातने कोण पास होतं?

शिवाय आयुष्यभर बाबा दुसऱ्यांच्या जाहात मागच्या खुर्चीवर बसले होते. समेट होतो तेव्हा यजमान उठतो आणि आपली भरपाईची मागणी अल्लाहखातर इतकी, पाहुण्यांखातर इतकी, अशी सोडत जातो, हे त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. ते करायची वेळ त्यांच्यावर आजच आली. ते उठले.

“चारवर,” बाबा म्हणाले, “एक अल्लाहखातर.”

“अल्लाह तुमचं भलं करो,” सगळे पुटपुटले.

“एक, आमच्या उंबऱ्याला लागलेल्या तुमच्या पावलांखातर. आणि एक अबू सख्र यांच्या पांढऱ्या दाढीखातर.”

सात झाले. अबू सख्रचा हात कपाकडे गेला. मुतसिमने डोळे मिटून श्वास सोडला.  बाबांनी तिथे थांबायला हवं होतं. पण अबू सख्रच्या शेजारी पाशा बसले होते. सैन्यातून ब्रिगेडियर म्हणून निवृत्त झालेला माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून, ताठ. बाबांची नजर त्यांच्यावर पडली, आणि शेजाऱ्याच्या दाढीला एक मिळून आपल्याला काहीच नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“एक पाशांखातर.”

पाशांनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या पलीकडे अबू सख्रचे जावई होते, दाताचे डॉक्टर. जावयाला वगळता येत नाही.

“एक डॉक्टरसाहेबांखातर.”

मग इमाम. मग झर्काहून आलेले मामा. त्यांना सोडलं असतं तर ते त्यांनी पुढची दहा वर्षं प्रत्येक लग्नात काढलं असतं. आणि शेवटी, “एक माझे शेजारी अबू हन्ना यांच्याखातर, ज्यांच्या खुर्च्यांवर आपण बसलो आहोत. बारा. कॉफी घ्या.”

खोलीभर समाधान पसरलं. कपांकडे हात निघाले.

“काका,” दाराजवळून मुतसिम म्हणाला.  “ते दहापैकी आहेत.”

“काय दहापैकी?”

“मार्क.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. “शंभरपैकी नाहीत?”

“नाही.”

कपांकडे निघालेले हात वाटेतच थांबले. बाबा चुकले होते आणि चुकलो हे त्यांना कळलं होतं. पण वीस माणसांसमोर उभं राहून दिलेलं आता मागे कसं घ्यायचं? त्यांनी मान वर केली.

“मग काय झालं? या घराचं मन काय दहावर संपतं?”

“अजिबात नाही,” पाशा म्हणाले.

गैदा दारामागे उभी होती. अशक्य उत्तर आलं की शेवटची ओळ खोडायची नाही, आधीची पायरी शोधायची, असं ती रोज मुलांना सांगायची. आणि हे उत्तर अगदी स्वच्छ अशक्य होतं. सात असते तर तिचा घात झाला असता. बारांनी तो कुणा दुसऱ्याचाच होणार होता. ती दार ढकलून आत गेली.

“बाबांचा शब्द तोच माझा शब्द,” ती म्हणाली. “आजच साइटवर लावते. दहापैकी बारा. आणि कुठला मार्क कशाबद्दल, ते मी नेहमी लिहिते, तेही लिहीन. उजेडाबद्दल दोन, गॅसच्या हाताबद्दल एक, पुटपुटण्याबद्दल एक. मग दाढीबद्दल एक, पाशांबद्दल एक, दाताच्या डॉक्टरांबद्दल एक…”

“माझं नाव येईल?” पाशांनी विचारलं.

“हुद्द्यासकट.”

“फोटो लागेल का?”

“नाही,” मुतसिम उभा राहिला. “नाही, गैदा, थांब. पाशा, माफ करा. काका, हे छापून आलं तर आमचं हसू होईल. प्रकाशक हसेल, लोक हसतील, पुढची दहा वर्षं आम्ही काहीही केलं तरी विचारतील, दाढी कुणाची होती. मार्क परत द्या.”

अबू सख्रनी सावकाश मान वळवली. “किती परत?”

“सगळे.”

“पोरा, मी चाळीस वर्षं दारोदार मागायला जातोय. मिळालेलं परत करायला मी एकदाही बसलेलो नाही. ते कसं करतात तेसुद्धा मला माहीत नाही.” मग ते गैदाकडे वळले. आवाज कडक होता, पण त्यात उत्सुकताही होती. “पोरी, हे आहे तरी काय? ज्याच्यासाठी मी हा चढ चढलो, ते मला कुणी दाखवेल का?”

गैदाने टीव्ही लावला, गेम सुरू केला आणि कंट्रोलर त्यांच्या हातात दिला. सगळ्या खुर्च्या भिंतीकडून टीव्हीकडे वळल्या. पडद्यावर संध्याकाळ झाली होती. टेकडीवरच्या घरांवर तो पिवळा उजेड पडला होता, आणि खोलीतले सगळे खुर्चीत पुढे सरकले.

“हे आपलंच आहे,” इमाम हळूच म्हणाले.

“उजवीकडे मामाचं घर दिसायला हवं,” अबू हन्ना म्हणाले.

“माझं?” मामा म्हणाले.

“माझ्या मामाचं.”

गॅसची गाडी आली, खिडकीतून हात बाहेर आला, आणि डॉक्टर मोठ्यांदा हसले. अबू सख्रनी एक प्रवासी घेतला. त्याने “अश्रफिया” म्हटल्यावर त्याला “बस, बाळा” असं उत्तरही दिलं. टॅक्सी चढ चढली, वळली, उताराला लागली.

“आता सावकाश,” पाशा म्हणाले.

“मला शिकवू नका. मी पंचेचाळीस वर्षं गाडी चालवतो.” अबू सख्रनी ब्रेक दाबला.

टॅक्सी उसळली, रस्त्यात रुतली आणि रस्त्याखाली गेली. सगळीकडे निळं झालं. टॅक्सी पडत होती, पडतच होती, आणि मागच्या सीटवरून शांत आवाज आला, “इथेच सोड, भावा.”

 अबू सख्रनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा निळं. पाशांनी कंट्रोलर मागून घेतला, शिस्तीने बंदूक धरतात तसा तो दोन्ही हातांत धरला आणि डॉक्टर, मिनीबसचा ड्रायव्हर व स्वतः, अशा तिघांच्या सल्ल्याने गाडी चालवली. “इथेच सोड, भावा,” आवाज आला. मिनीबसचा ड्रायव्हर म्हणाला, ब्रेक दाबायचाच नाही, मग वाचतो. मग गाडी भाजीच्या दुकानात शिरली. “इथेच सोड, भावा.”

“याला कुठेही सोडलं तरी चालतं,” अबू सख्र म्हणाले. त्यांनी कंट्रोलर टेबलावर, थंड कॉफीशेजारी ठेवला. “मुतसिम.”

“जी, आजोबा.”

“हे असं आहे, हे तू मला सांगितलं नाहीस.”

“मी म्हणालो होतो, ब्रेकचा थोडा प्रश्न आहे.”

“थोडा.” मग त्यांनी गैदाकडे पाहिलं. “पोरी, खरं सांग. चार तू कुणाच्या भिडेखातर दिलेस?”

“कुणाच्याच नाही, काका. तो उजेड खरोखर चांगला आहे.”

“आहे,” ते म्हणाले. “मी दोन दिले असते. दोन्ही त्या हाताला.”

ते उठले, झगा सारखा केला आणि बाबांसमोर उभे राहिले. “अबू यझन, तुमचं मन मोठं. माझ्या दाढीचा मार्क मी तुमच्या मुलीच्या सन्मानाखातर परत करतो.”

मग पाशांनी आपला परत केला, जरा नाखुशीने. डॉक्टरांनी केला. इमामांनी, मामांनी, अबू हन्नांनी केला. पावलांचा जो होता, तो सगळ्यांनी मिळून केला. प्रत्येक वेळी बाबा छातीवर हात ठेवून मान झुकवत होते. परतफेडही तितकीच शोभिवंत होऊ शकते, हे अबू सख्रना त्या दिवशी कळलं आणि त्यांचा चेहरा उजळत गेला. आकडा पाचवर आला आणि थांबला.

“हा अल्लाहखातर दिलेला,” इमाम म्हणाले. “हा कोण परत करणार?”

हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. वीस माणसं विचारात पडली. मुतसिमच्या चेहऱ्यावर आशा उमटली.  पाच हा काही भयंकर आकडा नव्हता. कुणी हसलं नसतं, कुणाला कळलंही नसतं. म्हणूनच गैदाला तो बारापेक्षा वाईट वाटला.

“तो माझ्याकडे लागला,” बाबा म्हणाले. “मी दिला, मी फेडीन. पण तिच्या कागदावर नाही.” ते खाली बसले. “दुसऱ्याने तपासलेल्या पेपरवर मी कधी हात चालवला नाही. आज स्वतःच्या मुलीच्या पेपरवर चालवला, आणि कितीपैकी आहे तेही न विचारता. गैदाचे चार म्हणजे चार.”

इमामांनी दाढी कुरवाळली. “एका मार्काची फेड,” ते म्हणाले, “गल्लीतल्या मुलांचं तोंड गोड करण्याने व्हायला हरकत नसावी. वाटायला काही आहे का घरात?”

“दुसरा थाळा,” दारामागून आईचा आवाज आला. त्यात आनंद नव्हता.

मागणं मात्र अजून बाकी होतं, कारण काही मान्य झाल्याशिवाय कॉफी पिता येत नव्हती. गैदाने मुतसिमला फोनवर सांगितलं होतं तेच पुन्हा सांगितलं. त्याने ब्रेक दुरुस्त करावेत, ती पहिल्यापासून खेळेल, नवं परीक्षण लिहील, जुनं आहे तिथे राहील. आता हेच अबू सख्रनी मागणं म्हणून मांडलं, बाबांनी मान्य केलं, आणि ब्रेकना अबू सख्र स्वतः जामीन राहिले. पूर्वी ते विहिरींना आणि जावयांना जामीन राहिले होते. ब्रेकना पहिल्यांदाच.

आईने नवी, गरम कॉफी केली. सगळे प्यायले. निघताना मुतसिम दारात घुटमळला, तेव्हा आईने त्याला गाठलं.

“आणि बाकी काही मागायचं नव्हतं ना, बाळा?”

मुतसिमने गैदाकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. “आधी ब्रेक करतो, काकू,” तो म्हणाला.

त्याने दोन महिने म्हटले होते, तीन लागले. अबू सख्र रोज संध्याकाळी त्याच्या खोलीत येऊन खुर्चीवर बसायचे आणि काही बोलायचे नाहीत, असं गैदाच्या कानावर आलं. नवा गेम आला तेव्हा तिने तो शहाण्यासारखा खेळला आणि मग वात्रट भाच्यासारखा. अश्रफियाच्या सगळ्यात उभ्या उतारावर ब्रेक लागले. टॅक्सी थांबली, मागचा प्रवासी म्हणाला, “इथेच सोड, भावा,” आणि खरोखर उतरला. तो उतरताना पाहून गैदाला हसू आलं. पायऱ्यांच्या वाटा नव्या होत्या. उजवीकडे अबू हन्नांच्या मामाचं घर होतं.

सात येत होते. नेमके सातच, आणि तेच तिला खुपलं. त्यांना हवे होते तेवढेच आले, म्हणजे कुठेतरी हात सैल पडला असणार. तिने गेम तिसऱ्यांदा खेळला, फक्त सहा कसे होतील ते शोधायला. भाजीवाल्याला उगाच धडका दिल्या, उलट्या दिशेने टेकडी उतरली, पावसात ब्रेक मारले. हॉर्न कधीकधी वाजत नाही एवढंच सापडलं, आणि तो दोष तिने आधीच धरला होता. शेवटी तिने सात दिले आणि खाली नेहमीची ओळ लिहिली. जुने चार वर तसेच होते. खाली पहिल्याच वाचकाने विचारलं, ‘जेवायला काय होतं?’ दुसऱ्याने त्याला उत्तर दिलं, ‘हिच्याकडे उलट आहे. पाहुणेच मार्क परत करून जातात, म्हणे.’

म्हणजे गोष्ट पसरली होती. ती कितपत पसरली, ते पुढच्या बुधवारी कळलं, जेव्हा फोन वाजला आणि बाबांनी तो घेतला. ते बराच वेळ “जी, जी” करत होते. मग त्यांनी फोनवर तळहात ठेवला.

“इरबिदहून आहे. कुणाच्या तरी भाच्याने फुटबॉलचा गेम केलाय. शुक्रवारी येऊ का म्हणतात. किती दिलेस त्यांना?”

“दोन.”

स्वयंपाकघरातून आईने विचारलं, भाचा किती वर्षांचा आहे. अबू हन्नांच्या खुर्च्या तिने अजून परत पाठवल्या नव्हत्या.

“थांब,” बाबा म्हणाले, आणि त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. “कितीपैकी?”